सुट्टीचा सात-बारा

खानदेशात चैत्र सरत आला की उन्हाचा असा तडाखा सुरू होतो की, भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, शाळांच्या दारांना कुलपे लागलेली असतात, आणि घरोघरच्या कर्त्या माणसापुढे 'यंदा कोठे जायचे?' हा प्रश्न उभा राहतो. एका पिढीपूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. मामाचे गाव हेच थंड हवेचे ठिकाण आणि मळ्यातील विहीर हाच तेथला समुद्र. आज मामाच पुण्याला चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहतो. मळा वाटण्यांत गेला आहे आणि विहिरीने तळ गाठला आहे. तेव्हा महाबळेश्वर, गोवा, मुन्नार, मनाली ही नावे जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गीय घरांत आता सहज घेतली जातात. यात गैर असे काहीच नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने चार दिवस डोंगरावरची हवा खावी, मुलाबाळांना समुद्र दाखवावा, ही चैन नव्हे. ती गरजच आहे, असे आम्ही मानतो. परंतु जेथे गरज निर्माण होते तेथे ती भागविणारा व्यापारी येतो, आणि त्याच्या पाठोपाठ ती गरज राबवून घेणारा व्यापारीही येतो. या दोहोंतील भेद ओळखणे हे मात्र ग्राहकालाच करावे लागते.

या विषयावर लिहिण्यास निमित्त झाले ते पारोळ्याच्या एका जुन्या स्नेह्यांचे. आम्ही काही काळ शिक्षकी पेशात होतो, त्या वेळचे हे सहकारी. हयात खडूच्या धुळीत गेली. निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान हाती आले. नाशिकला मुलीकडे गेले असता एका प्रदर्शनाच्या दारात कोणा तरुणाने त्यांच्याकडून नाव-पत्त्याची चिठ्ठी भरून घेतली. चार दिवसांनी दूरध्वनी आला: 'सर, आपल्याला बक्षीस लागले आहे, ते घ्यायला मात्र पती-पत्नी दोघांनी यायला हवे.' दोघेही गेले. थंडगार दालन, चहा, बिस्किटे, पडद्यावर हिरव्या दऱ्यांची चित्रे, आणि दोन तास गोड बोलणारी सुशिक्षित मुले. 'आई, नातवंडांना काय आठवण ठेवून जाणार?' या एका प्रश्नावर आमच्या वहिनींचे डोळे भरून आले, आणि गुरुजींनी धनादेशावर सही केली. किंमत केवळ त्या दिवसापुरती होती, असे त्यांना सांगण्यात आले होते.

त्याला आता चौथे वर्ष चालू आहे. या अवधीत ते दोघे एकदाच जाऊन आले. नातवंडांना दिवाळीची सुट्टी असते तेव्हा जागा नसते. जागा असते तेव्हा नातवंडांची शाळा असते. वार्षिक शुल्काची मागणी मात्र वेळेवर येते. सभासदत्व सोडतो म्हणावे, तर पैसे परत मिळण्याची मुदत सही केल्यानंतर थोड्याच दिवसांत संपल्याचे करारातील बारीक अक्षरांत छापलेले आहे. परवा ते ती चामडी बांधणीची फाइल घेऊन आमच्या कार्यालयात आले आणि खिन्नपणे हसून म्हणाले, 'भाऊसाहेब, सगळे कागद वाचले. डोंगरावरच्या त्या घरात माझा हिस्सा आहे म्हणतात. मग त्याचा उतारा कोणत्या तलाठ्याकडे मिळेल, एवढेच सांगा.'

प्रश्न थट्टेचा होता, पण त्यात या साऱ्या व्यवहाराचे मर्म आले आहे. म्हणूनच आजचा हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

'टाइमशेअर' या नावाने जे विकले जाते ते काय आहे? एका विश्रामगृहातील खोली वर्षातून एक आठवडा वापरण्याचा हक्क, ठरावीक वर्षांसाठी आणि आगाऊ पैसे भरून. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर ती पाळी आहे. पाळीची कल्पना खानदेशाला कोणी परदेशातून येऊन शिकवावी, अशी मुळीच नाही. पांझरेच्या काठची फड बागायत शतकानुशतके पाळीवरच चालत आली. बंधारा सर्वांचा, पाट सर्वांचा; पाणी कोणाच्या वाफ्यात किती वेळ सोडायचे हे पाटकरी पाहणार, आणि त्याच्यावर नजर गावच्या पंचांची. भावाभावांत सामाईक विहीर असेल तर आठवड्याचे वार वाटलेले असतात आणि मोटेचा किंवा मोटारीचा खर्चही हिश्शाने वाटलेला असतो. या पाळीला तीन आधार असतात. पहिला, हिस्सेदाराचे नाव उताऱ्यावर, 'इतर अधिकार' या रकान्यात लागलेले असते. दुसरा, पाळी लावणारा माणूस हिस्सेदारांना उत्तर देण्यास बांधलेला असतो. तिसरा, विहिरीत पाणी किती आणि हिस्सेदार किती हे सर्वांना डोळ्यांनी दिसते. टाइमशेअर नावाच्या पाळीला या तिन्हींपैकी काय आहे, हे पाहिले की गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

या व्यवहाराचा जन्म युरोपातला. १९६० च्या दशकात फ्रान्समधील आल्प्स पर्वतात बर्फावरच्या खेळांसाठी वसविलेल्या एका ठिकाणी ही कल्पना प्रथम आकाराला आली असे मानतात. १९६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये अमेरिकेत आर.सी.आय. ही संस्था निघाली आणि एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेण्याची अदलाबदल सुरू झाली. आपल्या देशात १९८६ साली चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासेत, स्टर्लिंग ही कंपनी या धंद्यात उतरली. १९९६ साली महिंद्र समूहाने आपली कंपनी काढून मुन्नारपासून प्रारंभ केला. आज या पद्धतीने सुट्टी घेणारी कुटुंबे देशात लाखोंनी मोजावी लागतील. त्यांपैकी अनेक समाधानी आहेत, हेही आम्हांस ठाऊक आहे. दरवर्षी नेमाने जाणारे, चार-सहा महिने अगोदर ठरविणारे, स्वच्छ खोली आणि मुलांना खेळायला जागा यांची कदर करणारे कुटुंब असेल तर त्याला हा व्यवहार सोयीचा पडू शकतो. तेव्हा हा धंदा मुळातच फसवणुकीचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमचा आक्षेप वेगळा आहे. पाळी विकताना ती पाळी म्हणून विकली जात नाही. ती मालमत्ता म्हणून विकली जाते. आक्षेप आहे तो या शब्दच्छलाला.

स्पेन देशाने हा शब्दच्छल वेळीच ओळखला. त्याच्या किनाऱ्यावर या व्यवहाराचे अमाप पीक आले होते. १९९८ साली त्या देशाने कायदा केला. त्यात कराराची मुदत तीन ते पन्नास वर्षांच्या आत असावी असे बंधन घातले, आणि या हक्काला 'मालकी' हा शब्द असलेले कोणतेही नाव देण्यास मनाई केली. एका शब्दावर बंदी घालण्यासाठी कायदेमंडळाने कलम लिहावे, यावरून त्या एका शब्दाने किती घरे बुडविली असतील याची कल्पना करावी. आपल्याकडे आजही विक्रेता सहजपणे 'तुमचे दुसरे घर' असे म्हणतो आणि ऐकणारा मनातल्या मनात त्या घराला तोरण बांधतो.

आता या पाळीचे स्वरूप पाहू. बहुतेक योजनांत वर्षाचे आठवडे हंगामानुसार वाटलेले असतात आणि हंगामांना रंगांची नावे असतात. महिंद्रच्या योजनेत जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार रंग आहेत. जांभळा म्हणजे नाताळ-दिवाळीसारखी ऐन गर्दी, आणि निळा म्हणजे जेव्हा फारसे कोणी जात नाही तो काळ. जसा रंग, तशी किंमत. खोलीच्या आकाराप्रमाणेही भाव बदलतो. यातील मेख अशी की, शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबाला जे आठवडे उपयोगाचे, नेमके तेच सर्वांत महाग असतात. स्वस्त रंग घेतलेल्या माणसाला दिवाळीत जागा मिळाली नाही, तर ती कंपनीची चूक नव्हे; तो करारच तसा असतो. निवृत्त दांपत्याला खरे पाहता निळा रंगच पुरेसा, कारण त्यांना शाळेची घंटा नसते. पण ते विकत घेतात नातवंडांसाठी, आणि नातवंडांना घंटा असते. आमच्या स्नेह्यांचे नेमके हेच झाले. त्यांना रंग विकताना तो रंग कोणाच्या सुट्टीशी जुळतो हे कोणी विचारले नाही. आणि शिक्षक असूनही त्यांनी ते स्वतःला विचारले नाही, हे आम्हांस त्यांच्या देखत म्हणावे लागले.

महाग रंग घेतला म्हणजेही खोली हक्काची झाली, असे नाही. अनेक योजनांत ठरावीक खोली वा ठरावीक तारीख सभासदाची नसते. 'उपलब्ध असल्यास' हे दोन शब्द सर्व आश्वासनांच्या शेवटी उभे असतात. एकूण खोल्या किती आणि त्यांच्यावर सभासद किती, हे प्रमाण विक्रेता आपणहून सांगत नाही. विहिरीत पाणी किती हे न पाहता हिस्सा घेण्यासारखाच हा प्रकार होय.

हिशेबाचा विचार करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपापल्या कराराचे आकडे घालून पाहावेत. समजा, पंचवीस वर्षांच्या सभासदत्वासाठी चार लाख रुपये भरले. हीच रक्कम साडेसहा टक्के व्याजाने ठेवली आणि मुद्दल व व्याज मिळून पंचवीस वर्षांत संपेल अशा बेताने काढीत गेले, तर दरवर्षी सुमारे ३२,८०० रुपये हाती येतील. वार्षिक शुल्क १८,००० रुपये धरले आणि त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर मिळविला, तर २१,२४० रुपये होतात. दोन्ही मिळून वर्षाचे ५४,०४० रुपये झाले. सातही रात्री वापरल्या तर एका रात्रीचे ७,७२० रुपये. चारच रात्री वापरल्या तर १३,५१० रुपये. यात प्रवास नाही आणि जेवणही नाही. विश्रामगृहाच्या आवारात चार माणसांच्या दोन वेळच्या जेवणाचे काय पडते, हे जाऊन आलेल्यांना विचारावे. शिवाय शुल्क स्थिर नसते. ते दरवर्षी सहा टक्के वाढत गेले, तर पंचविसाव्या वर्षी १८,००० चे सुमारे ७२,९०० होतात, म्हणजे चौपट. आता याच रकमांशेजारी त्या ठिकाणच्या चांगल्या हॉटेलातील रोकडा भाव लिहावा आणि दोन्ही आकडे घरातील सर्वांनी मिळून पाहावेत. कोणाचा हिशेब सभासदत्वाच्या बाजूने सुटेल, कोणाचा विरुद्ध. पण हिशेब न करता केलेली सही ही सही नव्हे. तो नवस आहे.

येथवर आम्ही सरळ धंद्याविषयी लिहिले. याच वेषात आलेल्या दुसऱ्या एका प्रकाराने महाराष्ट्राचे जे नुकसान केले, त्याची आठवण देणे आवश्यक आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलांतील रात्री विकण्याच्या योजना काढल्या. पैसे भरणाऱ्याने मुदतीत त्या रात्री वापरल्या तर ठीक. न वापरल्या तर मुदतीअखेर वाढीव रक्कम मिळेल, असे त्यांचे स्वरूप होते. लोकांनी रात्री वापरण्यासाठी पैसे भरले नाहीत. वाढीव रकमेसाठी भरले. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी सेबीने आदेश काढून ही सामूहिक गुंतवणुकीची विनापरवाना योजना असल्याचे ठरविले आणि पैसे परत करण्यास फर्मावले. तोवर ५१ लाखांहून अधिक लोकांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये तिच्यात जमा झाले होते. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१५ मध्ये, रॉयल ट्विंकल स्टार क्लब या मुंबईच्याच कंपनीच्या सुट्टी-योजनांबाबत सेबीने असाच आदेश दिला होता; तेथील रक्कम सुमारे २,६५६ कोटींची होती. पुढे अपिले झाली, मालमत्तांच्या जप्त्या आणि लिलाव यांचे दीर्घ पर्व सुरू झाले, आणि रिक्षावाले, शिक्षक, विधवा भगिनी, किरकोळ दुकानदार अशी सामान्य माणसे पावत्यांच्या पिशव्या घेऊन मोर्चे काढू लागली.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या लाखो माणसांपैकी फारच थोड्यांना प्रवासाची हौस होती. त्यांच्या ओळखीचा, नात्याचा, गल्लीतलाच कोणी तरी एजंट झाला होता आणि त्याच्या शब्दावर पैसे गेले. खानदेशाला हा अनुभव नवा नाही. जळगावच्या बी.एच.आर. या बहुराज्य पतसंस्थेच्या संचालकांना २०१५ साली अटक झाली, तेव्हा आपल्या आयुष्याची पुंजी तेथे ठेवलेल्या वृद्धांचे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगणे नलगे. इतके झाल्यावरही 'वापरा किंवा परत घ्या, दोन्हीकडून फायदा' असे कोणी म्हणू लागला की, आपण खुर्ची पुढे सरकवून ऐकू लागतो. तेव्हा एक खूणगाठ बांधावी. सुट्टी विकणारा सुट्टीविषयी बोलत असेल, तर हिशेब करावा. तो परताव्याविषयी बोलू लागला, तर तत्क्षणी उठावे. सुट्टी ही उपभोगण्याची वस्तू आहे, ती संपते. संपणाऱ्या वस्तूतून वाढणारी रक्कम देणारा माणूस आपल्याला ती दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून देत असतो, आणि एक दिवस ते खिसे संपतात.

मग सरकारचे कर्तव्य काय? ब्रिटनने १९९२ साली या व्यवहारासाठी स्वतंत्र कायदा केला. युरोपीय संघाने १९९४ साली ग्राहकाला दहा दिवसांच्या आत कारण न देता करार मोडण्याचा हक्क दिला. पुढे २००८ च्या निर्देशाने तो चौदा दिवसांचा केला, आणि त्या अवधीत विक्रेत्याने ग्राहकाकडून एक पैसाही घेऊ नये असा दंडक घातला. या दंडकातील शहाणपण कोणाच्याही ध्यानात येईल. थंडगार दालनात चढलेली धुंदी घरच्या ओट्यावर दोन दिवसांत उतरते. आपल्याकडे काही कंपन्या आपल्या अटींत दहा दिवसांची मुदत ठेवतात, परंतु ती त्यांची मेहेरबानी आहे, ग्राहकाचा कायदेशीर हक्क नव्हे. या धंद्यासाठी आपल्या देशात स्वतंत्र कायदा नाही. सदनिका घेणाऱ्यासाठी महाराष्ट्रात २०१७ पासून महारेरा उभे राहिले. सदनिकेतील आठवडा घेणाऱ्यासाठी तशी नोंदणीची व्यवस्था नाही. आमची मागणी मोठी नाही. चौदा दिवसांची परतीची मुदत आणि त्या मुदतीत पैसे घेण्यास मनाई. खोल्या किती व सभासद किती याचे दरवर्षी जाहीर प्रतिज्ञापत्र. वार्षिक शुल्काच्या वाढीला करारातच लिहिलेली मर्यादा. आणि सभासदाला ठरावीक वर्षांनंतर बाहेर पडण्याची वाट. या चार गोष्टी कायद्यात आल्या, तर सचोटीच्या कंपन्यांचे काहीच बिघडणार नाही. उलट त्यांची पत वाढेल. ज्यांचे बिघडेल, त्यांचे बिघडावेच.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ग्राहकाने आपली वाट आपण पाहिली पाहिजे. ज्यांनी अद्याप सही केलेली नाही त्यांना आमचे सांगणे असे की, बक्षिसाच्या दूरध्वनीवर विसंबून कोणत्याही दालनात जाऊ नये. गेल्यास धनादेशाचे पुस्तक आणि कार्ड घरी ठेवून जावे. कराराची प्रत घरी नेऊन वाचू देत नाहीत, तेथे एक मिनिटही थांबू नये. जी किंमत उद्या मिळत नाही ती आजही खरी नसते. घेण्याआधी भाड्याने राहून पाहावे. त्याच विश्रामगृहात पाहुणा म्हणून पैसे देऊन तीन रात्री काढाव्यात, किंवा ओळखीच्या सभासदाचा न वापरलेला आठवडा त्याच्या योजनेच्या नियमांत बसत असेल तर रीतसर घ्यावा, आणि तेथील दोन-चार सभासदांना 'दिवाळीत जागा मिळते का?' एवढेच विचारावे. दोन तासांच्या व्याख्यानापेक्षा ती दोन वाक्ये अधिक मोलाची ठरतील. दुरून डोंगर साजरे असतात. जवळ जाऊन पाहण्याचे भाडे पंचवीस वर्षांच्या शुल्कापेक्षा पुष्कळच कमी पडते. शिवाय ज्यांना वर्षाआड चार दिवस जायचे आहे, त्यांनी कोणतेही सभासदत्व घेण्याचे कारण नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूर तर आपल्या अंगणातच आहे. त्याच महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत कोकणातील घरे पाहुण्यांसाठी उघडी आहेत. तेथे पाळी नाही, शुल्क नाही. गेलो तर पैसे, न गेलो तर नाही.

ज्यांनी पैसे भरलेले आहेत त्यांनी हळहळत बसू नये; त्या हक्काचा पुरता उपयोग करावा. शाळेचे वेळापत्रक हाती येताच, आरक्षण ज्या दिवशी उघडते त्याच दिवशी मागणी नोंदवावी. न वापरलेले दिवस पुढील वर्षी नेता येतात का, सात रात्री दोन भागांत घेता येतात का, दुसऱ्या ठिकाणाशी अदलाबदल करता येते का, हे करारातून शोधून काढावे. हे हक्क असूनही अनेकांना ते ठाऊक नसतात. प्रसिद्ध ठिकाणाचा हट्ट सोडून कमी गर्दीचे ठिकाण घ्यावे. खोलीत स्वयंपाकाची सोय असल्यास निम्मे जेवण तेथेच करावे. खानदेशी माणसाला परक्या गावी चौथ्या दिवशी भरीत-भाकरीची आठवण होतेच, तेव्हा यात खर्च वाचतो आणि जीवही निवतो. मुलाला वा लेकीला जायचे असेल तर पाहुण्यांच्या वापराचे नियम लेखी मागवावेत. आणि 'तुमचे सभासदत्व विकून देतो, आधी इतके पैसे भरा' असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. एकदा पोळलेल्याला दुसऱ्यांदा पोळण्याचा तो धंदा आहे.

ज्यांची प्रत्यक्ष फसवणूक झाली आहे त्यांना दारे अगदीच बंद नाहीत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अंमलात आहे. त्यानुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत वा हैदराबादेत आहे म्हणून तेथवर खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार घडल्या प्रकारापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. करारातील अटच अन्यायकारक आहे असे म्हणावयाचे असल्यास राज्य आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनी आहे. मात्र या सर्वांसाठी कागद लागतो. विक्रेत्याने तोंडाने काय सांगितले ते आयोगापुढे सिद्ध करणे कठीण. म्हणून प्रत्येक आश्वासन त्याच क्षणी कागदावर मागावे. 'हे लिहून द्या' या तीन शब्दांत पुष्कळ मोहिनी उतरविण्याचे सामर्थ्य आहे.

आमच्या पारोळ्याच्या स्नेह्यांना आम्ही हेच सांगितले. त्यांचा उतारा कोणत्याही तलाठ्याकडे मिळणार नाही, कारण त्यांनी घर घेतलेलेच नाही. त्यांनी पाळी घेतली आहे, आणि तीही पाटकऱ्यावर पंच नसलेली. तक्रारीचा मसुदा करण्यास आम्ही त्यांना साहाय्य करीत आहोत. जाताना ते म्हणाले, 'चाळीस वर्षे मुलांना सांगत आलो की प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. माझ्या वेळी मीच विसरलो.' आम्हांस वाटते, त्यांनी ते विसरावे यासाठीच ते दालन एवढे थंड ठेवलेले होते.

यंदाच्या सुट्टीत त्यांची नातवंडे पारोळ्यालाच येणार आहेत. सकाळच्या गारव्यात किल्ल्याचा फेरफटका, एखाद्या दिवशी पद्मालय, आणि रात्री गच्चीवर अंथरुणे, असा बेत ठरला आहे. गुरुजींचे ते घर जुने आहे, उन्हाळ्यात तापते, आणि तेथे पोहण्याचा तलाव नाही. पण त्याच्या उताऱ्यावर त्यांचे नाव आहे, आणि दिवाळीत तेथे जागा नाही असे त्यांना कोणीही सांगू शकत नाही.